ड्रायव्हरचा बोजा कमी करणेबाबत

तहसील कचेरीसमोरच्या ओळीत स्टॅम्पव्हेंडर, वकिलांची टेबलं, वडापाव आणि झेरॉक्स-डीटीपी असा सगळा संसार असतो. यातल्या झेरॉक्स-डीटीपीवाल्याकडे हमखास दोन कॉम्प्युटर सापडतात. नवा काउंटरवर, गिऱ्हाइकाला दिसेल असा. त्यावर आधार, पॅन, हॉलतिकीट, उत्पन्नाचा दाखला अशी वरवरची कामं चालतात. जुना आत, पडद्यामागे, गणपतीच्या तसबिरीखाली. पेंटियम फोर, विंडोज एक्सपी, ५१२ एमबी रॅम आणि कधीकाळी पांढरं असावं असा संशय येण्याइतपत पांढरं राहिलेलं कॅबिनेट. त्याला हात लावायचा अधिकार फक्त मराठी टायपिंग करणाऱ्या ताईंना. मालकसुद्धा त्यावरची धूळ ताईंना विचारून पुसतो.

हे लाड उगाच नाहीत. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केली, हे खरं. पण तो निर्णय आमच्या तालुक्याला अजून लागू झालेला नाही, कारण मधे पेजमेकर उभा आहे. पेजमेकरची, म्हणजे पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची, शेवटची आवृत्ती सातवी, सन २००१ ची. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, पतसंस्थेचे अहवाल, यात्रेची पत्रकं, सगळं त्यातच. शिवाय फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. तीच फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि उलटी प्रश्नचिन्हं यांची खिचडी दिसते आणि वरपिता घाबरतो. त्यातून त्या फॉन्टच्या पॅकेजाला डोंगल आहे. बोटाच्या पेराएवढा तो तुकडा मागच्या पोर्टमध्ये बसलेला असेल तरच पॅकेज उघडतं. म्हणजे दुकानाची सगळी मराठी त्या पेराएवढ्या तुकड्यावर उभी. कॅबिनेट हलवायचं झालं की अण्णा, म्हणजे दुकानाचे मालक, आधी मागे हात घालून डोंगल चाचपतात आणि मगच "हं, उचला" म्हणतात.

तर अशा या यंत्राला गेल्या महिन्यात नवा प्रिंटर आला. नवा म्हणजे जुनाच, पण दुकानाला नवा. आधीच्याने ड्रम टाकला होता, तेव्हा अण्णांनी जिल्ह्याच्या गावाहून एक सेकंडहँड लेझर प्रिंटर आणला. सोबत कागदी पाकिटात एक सीडी. सीडीवर जो मॉडेल नंबर होता तोच प्रिंटरवर होता, फक्त शेवटचं एक अक्षर वेगळं. "एका अक्षराने काय होतंय?" असं अण्णा म्हणाले. ज्या माणसाच्या दुकानात दिवसभर नावातली एकेक वेलांटी दुरुस्त करायची प्रतिज्ञापत्रं होतात, त्याने हे म्हणावं!

कोऱ्या प्रिंटरवर यूएसबीच्या भोकावर एक चिकटपट्टी असते: आधी सॉफ्टवेअर घाला, मग केबल लावा. पंधरावीस भाषांत लिहिलेलं असतं. मराठी नसते, पण चित्र असतं आणि चित्रातल्या केबलवर लाल फुली असते. प्रिंटर सेकंडहँड असल्यामुळे ही पट्टी आधीच्या मालकाने काढून टाकलेली. त्यामुळे केबल आधी गेली. मग एक्सपीचा विझार्ड उगवला. त्याला सीडी दिली. सीडीवरच्या माहितीच्या फाइलीत कंपनीने उदार मनाने आख्ख्या मालिकेचे क्रमांक भरलेले असल्यामुळे त्या ड्रायव्हरने या प्रिंटरवरही हक्क सांगितला. मग ती प्रसिद्ध खिडकी आली: हे सॉफ्टवेअर विंडोज लोगोच्या चाचणीत उतरलेलं नाही, पुढे गेलात तर यंत्र आत्ता किंवा नंतर बिघडू शकतं. खाली दोन बटणं, 'कंटिन्यू एनीवे' आणि 'स्टॉप इन्स्टॉलेशन'. एक्सपीच्या उभ्या आयुष्यात दुसरं बटण दाबलेला माणूस मी पाहिलेला नाही. कित्येक कंपन्यांच्या छापील पुस्तिकेतच लिहिलेलं असायचं की असा इशारा आला तर घाबरू नका, कंटिन्यू दाबा. इशारा देणाऱ्यापेक्षा इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा म्हणणारा जास्त आत्मविश्वासाने बोलत असेल, तर माणूस कुणाचं ऐकणार?

मी एका कार्यअहवालाची प्रुफं बघायला गेलो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं आणि आत प्रिंटर अखंड कागद ओकत होता. प्रत्येक कागदावर वरच्या डाव्या कोपऱ्यात एखाददुसरी ओळ, बाकी पान कोरं. टक्का, उणे, १२३४५, एक्स, ॲट, पीजेएल असलं काहीतरी. नंतरच्या कागदांवर भरगच्च इंग्रजी, कंस, आकडे, आणि सुरुवातीला 'पीएस-ॲडोबी'. यात अगम्य असं काही नाही. प्रिंटरांच्याही भाषा असतात. पोस्टस्क्रिप्ट ही त्यातली एक, ॲडोबी कंपनीने १९८४ मध्ये काढलेली. तिच्यात पान म्हणजे चक्क एक प्रोग्रॅम असतो: इथे जा, इथून इथे रेघ मार, अमुक फॉन्ट घे, अमुक अक्षर ठेव. ती भाषा कळणारा प्रिंटर हुकूम पाळतो. न कळणारा ते हुकूमच इमानेइतबारे छापून काढतो. एका अक्षराचा फरक तो हाच होता. सीडीवरच्या मॉडेलला पोस्टस्क्रिप्ट येत होती, आणलेल्याला येत नव्हती.

बाकावर एक आबा बसले होते. सातबाऱ्याची प्रत काढायला आलेले. पुढच्या कॉम्प्युटरवर ताईंनी त्यांचा सातबारा उतरवून घेतला होता आणि पेन ड्राइव्हमधून आत आणून प्रिंटला सोडला होता. प्रिंटर पुढच्याच कॉम्प्युटरला का जोडत नाही, असं अण्णांच्या भाच्याने एकदा सुचवून पाहिलं होतं. "केबल पुरत नाही" असं म्हणून अण्णांनी तो विषय कायमचा मिटवला. आबांनी ट्रेमधला एक कागद उचलला, चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ त्या पोस्टस्क्रिप्टमधून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठाय?"

मग चौकशी बसली. ड्रायव्हर कुणी टाकला?

"मी नुसती केबल लावली," अण्णा म्हणाले.

"मी नुसती सीडी घातली, मामा," भाचा म्हणाला.

"मी फक्त नेक्स्ट म्हटलं," ताई म्हणाल्या. "ड्रायव्हर आपोआप पडला."

तिघंही खरं बोलत होते, त्यामुळे चौकशी तिथेच थांबली.

अखेर हार्डवेअरवाल्याला फोन गेला. तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याचं एक ठरलेलं रूप असतं. पाठीवर सॅक, सॅकमध्ये एकच स्क्रू-ड्रायव्हर, गळ्यात पेन ड्राइव्ह आणि चेहऱ्यावर आधीच्या हार्डवेअरवाल्याबद्दलचा खेद. तो "काय झालं?" असं विचारत नाही, "काय केलंत?" असं विचारतो, आणि उत्तर यायच्या आत माउस हातात घेतो. यानेही तेच केलं. प्रिंटरच्या चित्रावर राइट क्लिक करून डिलीट मारलं. चित्र फिकट झालं, पण गेलं नाही. रांगेत बघितलं तर सातबाऱ्यापुढे 'डिलीटिंग' असं लिहिलेलं. ही 'डिलीटिंग'ची अवस्था ज्याने पाहिली आहे त्याला कळेल. काम चालू आहे, रद्दही होतं आहे, आणि दोन्ही संपत नाहीत.

"स्पूलर थांबवावा लागेल," हार्डवेअरवाला म्हणाला. काळ्या खिडकीत 'नेट स्टॉप स्पूलर' असं टाइप करून त्याने छपाईची सेवा बंद केली. मग विंडोजच्या पोटातल्या स्पूल नावाच्या फोल्डरात शिरला. प्रत्येक अडकलेल्या कामाच्या तिथे दोन फाइली असतात, एकीत छापायचा मजकूर, दुसरीत कुणी कधी छापायला सांगितलं त्याची माहिती. "हा सातबारा डिलीट मारतो," असं तो नुसता सहज पुटपुटला, पण आबा ताडकन उठले.

"सातबारा कशाला पुसतोयस रं?"

"प्रिंट पुसतोय आबा, जमीन नाही."

"बघ बरं का. आमच्यात एकदा पुसलं की बारा वर्सं कोर्टात जात्यात."

फाइली पुसल्या, प्रिंटर पुसला, कॉम्प्युटर रीस्टार्टला टाकला. पेंटियम फोर परत उठायला चहा येऊन, पिऊन, कप जाईपर्यंतचा वेळ घेतो. या वेळात हार्डवेअरवाल्याला जुने दिवस आठवले. १९९५ पूर्वी, म्हणाला, कार्ड बसवायचं तर त्यावरचे जंपर चिमट्याने हलवावे लागत. मदरबोर्डवर इंटरप्टच्या ओळी सोळाच, ० ते १५. त्यातल्या निम्म्या कीबोर्ड, घड्याळ, डिस्क यांनी आधीच बळकावलेल्या. प्रिंटर पोर्ट ७ नंबरवर, आणि कित्येक साउंड कार्डांनाही नेमका ७ नंबरच हवा. दोघांनी एकच नंबर धरला की गाणं लावलं तर प्रिंट बंद आणि प्रिंट सोडली तर गाणं खरखरायचं. मग २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि प्लग अँड प्लेची द्वाही फिरली: वस्तू लावा, बाकी मी बघतो.

मी नंतरची एक गोष्ट सांगितली. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स स्टेजवर विंडोज ९८ दाखवत होते. हेच दाखवायचं होतं, की स्कॅनर नुसता जोडला की ड्रायव्हर आपोआप बसतो. सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भल्यामोठ्या पडद्यावर निळा स्क्रीन आला. सगळं सभागृह हसलं. गेट्स म्हणाले की म्हणूनच हे आम्ही अजून बाजारात आणलेलं नाही. दोन महिन्यांनी आणलं.

अण्णांना ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे त्याच्या मालकाच्याच हाताने!" असं म्हणून त्यांनी केबल लावल्याच्या आरोपातून स्वतःला मुक्त करून घेतलं.

तेवढ्यात कॉम्प्युटर उठला, हिरवी टेकडी आली, खालच्या कोपऱ्यात फुगा आला: नवीन हार्डवेअर सापडलं. विझार्डने विचारलं, सॉफ्टवेअर मी आपोआप शोधू का? आणि शिफारसही स्वतःच करून ठेवलेली. भाच्याने नेक्स्ट दाबलं. सीडी बाहेर काढून ठेवलेली असूनही विझार्डने ती मागितली नाही. त्याने घरच्या घरीच तोच ड्रायव्हर शोधला, बसवला आणि मोठ्या आनंदाने कळवलं की आपलं हार्डवेअर वापरासाठी तयार आहे. ट्रेमध्ये एक कागद आला. टक्का, उणे, १२३४५, एक्स.

हार्डवेअरवाल्याने केबल काढून शेजारच्या पोर्टमध्ये घातली. यंत्राने आता दुसरा प्रिंटर आला असं समजून त्याच नावाचं आणखी एक चित्र उभं केलं आणि पुढे 'कॉपी १' असं लिहिलं. यातही एक तर्क आहे. यूएसबीच्या वस्तूने आपला स्वतःचा अनुक्रमांक सांगितला तर ती कुठल्याही भोकात घातली तरी ओळखू येते. नाही सांगितला, तर यंत्र तिला भोकावरून ओळखतं. भोक बदललं की माणूस बदलला.

आबा आता बाकावरून उठून पडद्याजवळ येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "ह्याची नोंद कुठाय?"

"कसली नोंद?"

"तू काढतोयस ते ह्या चित्रातनं. चित्र म्हंजी झाली नक्कल. नक्कल फाडून काय हुतंय? मूळ दप्तर कुठाय?"

मग त्यांनी सांगितलं. आबांच्या आज्याने गावच्या विकास सोसायटीचं कर्ज काढलेलं. ते आबांच्या वडिलांनी फेडलं. पावती आहे, दाखला आहे, सोसायटीचा चेअरमन बदलून चार झाले. पण सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात तो बोजा अजून आहे. आबा दरवर्षी नवी नक्कल काढतात, दरवर्षी नव्या कोऱ्या कागदावर तो जुना बोजा छापून येतो. नक्कल कितीही वेळा काढा, गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, बोजा कमी केल्याची नोंद पडून ती मंजूर होत नाही तोवर सातबारा बदलत नाही. "रान मला दिसतंय, तलाठ्याला दिसतंय, पैसं फिटल्यालं सोसायटीला दिसतंय. पर कागदाला दिसत न्हाई."

हार्डवेअरवाला क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. इतकं अचूक निदान करणारा गिऱ्हाईक त्याला त्या तालुक्यात बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा.

कारण दुखणं नेमकं तेच होतं. विंडोजला प्रिंटर दिसत नाही. दिसतो तो प्रिंटरने सांगितलेला क्रमांक: इतका कंपनीचा, इतका वस्तूचा. हे क्रमांक वाटून दिलेले असतात. पीसीआय कार्डांमध्ये इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, १९७८ सालच्या त्यांच्या त्या प्रोसेसरची आठवण. तर हा क्रमांक घेऊन विंडोज दप्तरात जातं. दप्तर म्हणजे सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत आयएनएफ नावाचं एक फोल्डर. ते मुळात लपवलेलं असतं. बाहेरून आलेला प्रत्येक ड्रायव्हर आपल्या माहितीच्या कागदाची एक प्रत तिथे ठेवून जातो. चित्र काढलं, प्रिंटर काढला, तरी ती प्रत जागेवरच. पुढच्या वेळी तो क्रमांक दिसला की दप्तरातला कागद बोलतो आणि तोच ड्रायव्हर परत येतो. समोरचा प्रिंटर कागद ओकतोय ही गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही.

एकाच क्रमांकावर दोन कागदांनी हक्क सांगितला तर? तिथे मात्र आबांचा सगळा अनुभव उलटा पडतो. महसुलात जुनी नोंद भारी. इथे बाकी सगळं समसमान असेल तर तारीख बघतात आणि नवी नोंद भारी ठरते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी नम्रता दाखवायची एक युक्ती काढली आहे. मायक्रोसॉफ्ट व्हिस्टापासून आपल्या घरच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही एकच तारीख टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाचा ड्रायव्हर आला तर तो आपोआप पुढे जातो. इंटेलने तर आपल्या चिपसेटच्या कागदांवर १८ जुलै १९६८ घातली, म्हणजे कंपनी स्थापन झाली तो दिवस. कालपरवा घेतलेल्या लॅपटॉपमध्ये माणूस चंद्रावर उतरला नव्हता तेव्हाचा ड्रायव्हर बघून लोक हबकतात. पण तो ज्येष्ठ मुद्दाम म्हातारा होऊन बसलेला असतो, धाकट्यांना वाट मिळावी म्हणून. आमच्याकडच्या कुठल्या मंडळाच्या अध्यक्षाला हे सुचलेलं मला माहीत नाही.

आयएनएफच्या दप्तरात आणखी एक गंमत आहे. बाहेरच्या ड्रायव्हरांचे कागद तिथे आपल्या नावाने राहत नाहीत. आल्या क्रमाने त्यांना नंबर मिळतो: ओईएम ०, ओईएम १, ओईएम २. या यंत्रात ते तीसच्या पुढे गेले होते. कुठला कागद कुणाचा हे कळायला एकेक नोटपॅडमध्ये उघडून वाचावा लागतो. हार्डवेअरवाला वाचू लागला आणि ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या, कारण त्यांना आठवलं, यातच कुठेतरी डोंगलचाही कागद आहे.

"तो नका हं काढू."

"नाही काढत."

"मागच्याने असंच म्हणून काढला होता. दोन दिवस मराठी बंद होती."

मधेच त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने काळी खिडकी उघडली आणि एका दमात, कुठे न बघता, टाइप केलं: सेट डेव्हएमजीआर अंडरस्कोअर शो अंडरस्कोअर नॉनप्रेझेंट अंडरस्कोअर डिव्हायसेस इक्वल टु वन. हा मंत्र त्या पिढीतल्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याला पाठ असतो. जेवणाआधीचा श्लोक एकवेळ अडखळेल, हा नाही. तो म्हणून डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि 'शो हिडन' केलं की या यंत्राला आजवर जोडलेली आणि आता हयात नसलेली प्रत्येक वस्तू फिकट चित्राच्या रूपात समोर येते.

आली. बीएसएनएलच्या डायलअपच्या काळातला मोडेम. सीआरटी मॉनिटर, दोन. भाच्याचा वेबकॅम, जो कधी चाललाच नाही. एका फोटोग्राफरचं कार्ड रीडर. स्क्रोलचं चाक असलेले अनेक माउस आणि त्याआधीचा गोळीचा एक. कुणा निवडणूक उमेदवाराच्या कार्यकर्त्याचा मोबाइल. आणि पेन ड्राइव्ह. सातबारा, दाखला, रेशनकार्ड, जाहीरनामा घेऊन त्या दुकानात आलेल्या सगळ्या गावाचे पेन ड्राइव्ह, एकाखाली एक, संपता संपेनात. अण्णा थक्क होऊन वाचत होते. "हे बघ, हे त्या बँकेतल्या साहेबांचं असणार. वारले ते." प्रिंटर गेला, तो माणूस गेला, यंत्राच्या लेखी दोघंही फक्त आत्ता जोडलेले नाहीत.

"मयत खातेदार," आबा म्हणाले. "वारस नोंद लागली न्हाई की असंच ऱ्हातंय."

चुकीच्या प्रिंटरची तिथे वेगवेगळ्या भोकांवरून झालेली फिकट चित्रं निघाली. ती काढली. ओईएमचा योग्य नंबर सापडला, तो आणि त्याच्या जोडीची पीएनएफ फाइल काढली. ताईंनी दोनदा विचारून खात्री केली. मग प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये, म्हणजे जिथे सहसा कुणी जात नाही अशा खिडकीत, ड्रायव्हरांची यादी निघाली. चुकीचा निवडून 'रिमूव्ह' दाबलं. उत्तर आलं: हा ड्रायव्हर सध्या वापरात आहे.

कोण वापरतंय? प्रिंटर काढलेला, केबल काढलेली, कागद संपलेला. पण वापरात आहे. स्पूलरने एकदा ड्रायव्हरच्या फाइली उघडल्या की तो त्या धरून बसतो. आणि स्पूलर थांबवावा तर ही यादी दाखवणारी खिडकीच उघडत नाही, कारण यादी स्पूलरच सांगतो. ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याच्याच सहीने निकाल.

"सेफ मोड," हार्डवेअरवाला म्हणाला आणि बाह्या सरसावल्या.

सेफ मोडमध्ये जायला सुरुवातीला एफ-८ दाबायचं असतं. नेमकं कधी, हे शब्दांत सांगता येत नाही. लवकर दाबून धरलं तर कीबोर्ड अडकल्याची तक्रार करत यंत्र ओरडतं, उशीर झाला तर एक्सपीचं चिन्ह येतं आणि परत चहा. हार्डवेअरवाला टकटक टकटक असं सतत दाबत राहतो. कळफलकावरचं एफ-८ इतर कळांपेक्षा गुळगुळीत झालेलं असेल तर त्या यंत्राचा इतिहास वेगळा विचारायला नको.

लागला. पडदा काळा झाला, चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' अशी अक्षरं आली, ६४० बाय ४८० मध्ये सगळी चित्रं ढब्बू झाली. ताई अस्वस्थ झाल्या. सेफ मोड म्हणजे यंत्राने सगळे पाहुणे ड्रायव्हर बाहेर ठेवून फक्त घरच्यांच्या बळावर उठणं. हे का करावं लागतं, त्याला कारण आहे. कित्येक ड्रायव्हर यंत्राच्या अगदी गाभ्यात चालतात, तिथे एकाचा पाय घसरला की सगळंच कोसळतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये आपल्या निबंधात नमूद केलं होतं की एक्सपीच्या नोंदवल्या गेलेल्या पडझडीपैकी ८५ टक्क्यांच्या मुळाशी ड्रायव्हर आहेत. निळ्या स्क्रीनबद्दल लोकांनी मायक्रोसॉफ्टला ज्या शिव्या घातल्या, त्यातल्या बऱ्याचशा पत्ता चुकलेल्या टपालात जमा करायला हव्यात.

आपल्या कामाची गोष्ट अशी की सेफ मोडमध्ये स्पूलरही उठत नाही. म्हणजे फाइली धरून ठेवणारा हजर नाही. हार्डवेअरवाला स्पूलच्या फोल्डरात शिरला आणि त्या ड्रायव्हरच्या फाइली नाव वाचून एकेक उडवल्या. मग रजिस्ट्री उघडली, प्रिंटर ड्रायव्हरांच्या यादीतलं त्याचं नाव शोधलं, आधी त्या पानाची प्रत काढून ठेवली आणि मग नाव काढलं. प्रत काढून ठेवणारा हार्डवेअरवाला दुर्मीळ, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सिस्टिम रीस्टोअर करून मागच्या तारखेला जाता आलं नसतं का, असं वाचकाला वाटेल. आलं असतं. पण ते जागा खातं म्हणून कुणीतरी कधीच बंद करून ठेवलेलं. कुणी, ते विचारलं नाही. एक चौकशी झाली होती तेवढी पुरे.

पुन्हा रीस्टार्ट. पुन्हा हिरवी टेकडी. केबल लावली. फुगा आला: नवीन हार्डवेअर सापडलं. विझार्डने आपोआप शोधायला घेतलं. सगळे श्वास रोखून उभे. विझार्ड दप्तर उलटंपालटं करत राहिला, करत राहिला, आणि शेवटी म्हणाला की हे हार्डवेअर बसवता येत नाही, याचं सॉफ्टवेअर सापडत नाही.

"आलं!" असं ओरडून हार्डवेअरवाल्याने टाळी दिली. यंत्राला काही येत नाही याचा इतका आनंद झालेला माणूस बघून अण्णा गोंधळले. त्याने गळ्यातला पेन ड्राइव्ह काढला, शेवटचं अक्षर जुळवून योग्य ड्रायव्हर निवडला. लोगोच्या चाचणीचा इशारा याही वेळी आला. याही वेळी कंटिन्यूच दाबलं. टेस्ट पेज निघालं, वर विंडोजचं चिन्ह, खाली ड्रायव्हरच्या सगळ्या फाइलींची यादी. यादीत जुनं नाव नव्हतं. ताईंनी आधी डोंगल तपासलं, पेजमेकर उघडून 'श्री' टाइप करून बघितलं, मग आबांचा सातबारा सोडला.

आबांनी कागद हातात घेतला, नाव बघितलं, क्षेत्र बघितलं, मग बोट खाली 'इतर हक्क'वर नेलं. बोजा होता.

"माझाबी सेफ मोडमदी काढाय पायजे," असं म्हणून ते कागदाची घडी करत कचेरीकडे निघाले.

मग पैशाचा प्रश्न आला. हार्डवेअरवाल्याने ३०० सांगितले.

"कशाचे?" अण्णा म्हणाले. "तू बसवलंस काय? सगळा वेळ काढतच होतास."

"काढायलाच वेळ जातो अण्णा. बसवायला काय, नेक्स्ट-नेक्स्ट."

"ते खरं. पण बिलात लिहिणार काय? काढल्याचं बिल सीए विचारतो, काय काढलं, किती काढलं, मशीन विकलं का. बसवल्याचं कर."

हार्डवेअरवाल्याने सॅकमधून बिलबुक काढलं, कार्बन सरकवला आणि लिहिलं: प्रिंटर ड्रायव्हर नवीन बसविणे, नग १, रु. ३००. अण्णांनी शिक्का मारला, बिल फाइलला लावलं, आणि ती सीडी पाकिटात घालून, लागलीच तर असावी म्हणून, ड्रॉवरमध्ये डोंगलच्या रिकाम्या डबीशेजारी ठेवून दिली.